तुमच्याकडे मारुती एस्टीम आहे आणि तुम्ही विचारलंय: ड्रॅग रेसिंगच्या (सरळ रस्त्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतीच्या) गाडीत तीन गिअरचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, काढून दोन गिअरचं का बसवतात? गाडी मंद होत नाही का?

होते. माझी झाली होती. आधी 13.3 सेकंदांत पाव मैल जायची, नवीन ट्रान्समिशन बसवल्यावर पहिल्याच दिवशी 14.1 आली. आठ शनिवार गाडीखाली पाठ घासून गाडी पाऊण सेकंदाने हळू केली, म्हणून मित्रांनी यथेच्छ खेचली.

मी मिशिगनमध्ये राहतो. डेट्रॉईटच्या नैऋत्येला मिलान नावाचं गाव आहे, तिथल्या ड्रॅगवेवर हौस म्हणून जातो. गाडी 1970 ची शेवरोले नोव्हा. हिला इथे ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. लांबी पावणेपाच मीटरच्या वर, सदाशिव पेठेतल्या बोळात वळवायची झाली तर दोन भिंती पाडाव्या लागतील. आत 350 घनइंची व्ही-8 आणि तीन गिअरचं टर्बो-हायड्रामॅटिक 350. त्याच्या जागी मी पॉवरग्लाइड बसवलं. शेवरोलेचं हे दोन गिअरचं ऑटोमॅटिक 1950 ते 1973 पर्यंत बनत होतं. 1962 पासून त्याचं कवच ॲल्युमिनियमचं झालं, आणि रेसवाले आजही त्याच धाटणीवर जीव टाकतात.

का, हे समजायला आमच्यासारखे हौशी लोक कुठली शर्यत खेळतात ते बघा. तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी काचेवर लिहून द्यायचं. समजा मी 12.95 लिहिलं आणि शेजारच्याने 11.40, तर मला तेवढा वेळ आधी सोडतात. आता गंमत अशी की मी 12.93 मध्ये पोचलो तर बाद, कारण लिहिलेल्यापेक्षा जोरात गेलो. म्हणजे इथे वेगाला किंमत नाही, वेळ पुन्हा पुन्हा तीच येण्याला आहे. आणि दर वेळी गिअर पडणं म्हणजे वेळ इकडेतिकडे व्हायची एक संधी. तीन गिअरांत अशा दोन संधी, दोनमध्ये एकच.

माझ्या जुन्या जोडणीत तर फारच वाईट होतं. मागचं क्राऊन-पिनियन (चाकांच्या आधीची शेवटची गिअरजोडी) 3.08 चं असल्याने तिसरा गिअर शेवटच्या रेषेच्या जेमतेम आधी पडायचा. कधी आधी, कधी अगदी रेषेवर, वारा समोरून असला तर पडायचाच नाही. टाइमस्लिपवर (ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर) 13.26, 13.38, 13.31 असं काहीही. यावर काय लिहून देणार?

दुसरं कारण यंत्राच्या आतलं. पॉवरग्लाइडमध्ये फिरणारे भाग कमी आणि हलके, त्यामुळे इंजिनची ताकद आतल्या आत कमी खर्च होते.

मग 14.1 का आली? गणित मी आधी केलं नव्हतं, म्हणून. पहिल्या गिअरचा आकडा गुणिले क्राऊन-पिनियनचा आकडा: उत्तर जितकं मोठं, तितका सुटताना जोर जास्त. जुन्याचा पहिला गिअर 2.52, गुणिले 3.08 म्हणजे 7.76. पॉवरग्लाइडचा पहिला 1.76, गुणिले तेच 3.08 म्हणजे 5.42. गाडी हिरव्या दिव्यावर अक्षरशः उसासा टाकून निघाली. मग क्राऊन-पिनियन 4.56 चं घातलं: 8.03. टायर 28 इंच उंचीचे, त्यामुळे ताशी 105 मैलांना म्हणजे 169 किलोमीटरला रेषेवर इंजिन सहा हजार आरपीएमच्या आसपास येतं. जिथे यायला हवं तिथेच.

तरी एक शंका उरते: 1.76 वरून एकदम 1.00 वर आल्यावर इंजिन गपकन खाली बसत नाही का? बसलं असतं, पण तो खड्डा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) भरून काढतो. भंगारातून आणलेला साधा कन्व्हर्टर काढून मी 3500 आरपीएमला पकडणारा बसवला. गिअर पडला की तो थोडा घसरतो आणि इंजिनला त्याच्या जोमाच्या पट्ट्यात धरून ठेवतो. कन्व्हर्टर आणि क्राऊन-पिनियनचं बजेट नसेल तर नुसती ट्रान्समिशन बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

बसवणं मात्र त्या मानाने सोपं. आखूड शेपटीच्या टर्बो-हायड्रामॅटिक 350 ची आणि पॉवरग्लाइडची लांबी जवळपास सारखी, मागचे 27 दातेही तेच, त्यामुळे माझा जुना प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) जसाच्या तसा बसला. कन्व्हर्टर मात्र एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

माझी खरी फजिती कन्व्हर्टरनेच केली. तो आत सरकवताना फिरवत फिरवत ढकलायचा असतो. एकदा ‘खट्’ वाजतं आणि तो थोडा आत जातो, मग पुन्हा ‘खट्’. शेवटी पंपाच्या खाचांत बसला की झालं. जानेवारीची रात्र, गॅरेजमध्ये तोंडातून वाफ निघतेय, बोटं बधिर. मी शेवटच्या ‘खट्’ची वाट न बघता ट्रान्समिशन इंजिनला लावलं. मध्ये बोटभर फट राहिली. ती हाताने मिटत नव्हती, म्हणून मी बोल्ट आवळून मिटवली. पाना फिरवताना हाताला कळत होतं की काहीतरी चुकतंय, तरी अजून अर्धा फेरा दिला. पंपाचं गिअर फुटलं. पुन्हा सगळं खाली. ट्रान्समिशन इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनमागची तबकडी, जिला कन्व्हर्टर जोडतात) यांच्यामध्ये तीन ते पाच मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी आणि कन्व्हर्टर हाताने फिरायला हवा, हे मला त्या रात्रीपासून झोपेतही आठवतं.

ट्रान्सब्रेकही टाकला. बटण दाबलं की पहिला आणि रिव्हर्स एकाच वेळी गुंततात आणि गाडी जागीच जखडून राहते. तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात. तिसऱ्यावर बटण सोडायचं. प्रोपेलर शाफ्टभोवती लोखंडी कडं लावायला विसरू नका. स्लिक (नक्षी नसलेल्या गुळगुळीत) टायरवर 13.99 च्या आत जाणाऱ्या गाडीला ते सक्तीचं आहे, आणि पुढचा जोड तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटू नये म्हणून आहे. 11.49 च्या आत गेलात तर रोल बारही (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत लावलेली पोलादी नळीची चौकट) लागतो.

गेल्या मोसमातल्या माझ्या शेवटच्या तीन स्लिप: 12.94, 12.95, 12.94.

आता तुमची एस्टीम. तिला पॉवरग्लाइड बसणार नाही. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, सगळी रचनाच वेगळी. शिवाय तुमचा गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, त्यात कन्व्हर्टर नाही, म्हणून दोन गिअरांचं हे गणित तिथे चालतच नाही. पाच गिअर राहू द्या. आधी इतकंच तपासा की पाव मैलाच्या शेवटी तुम्ही कितव्या गिअरमध्ये असता आणि आरपीएम किती असतो. रेषेच्या जरा आधी गिअर बदलावा लागत असेल तर फायनल ड्राइव्ह (तुमच्या गाडीतली शेवटची गिअरजोडी) किंवा टायरची उंची बदलून तो बदल टाळता येतो का बघा. हे धावपट्टीवर किंवा ट्रॅकवरच मोजा, हायवेवर नको. टायरचा साइज आणि तो आरपीएम कमेंटमध्ये टाका, हिशोब करून देतो.