जर्मनीला निघताय? आधी आरटीओची पायरी चढा

नमस्कार,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या वर्षी नोकरीसाठी स्टुटगार्टला यायचं जवळपास ठरलंय, तुमच्याकडे चारचाकीचं लायसन्स नाही, बायकोकडे आहे पण काढल्यापासून तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मग तिकडूनच शिकून यायचं की इकडे आल्यावर बघायचं, आणि खर्च किती येतो?

तिकडूनच काढून या. व्हिसाची कागदपत्रं जमवताना जेवढी घाई कराल, तेवढीच याचीही करा. लायसन्स नसताना इथे आलात तर पहिल्यापासून सगळं करावं लागतं, आणि जर्मनीत ते फार महाग आहे. इथल्या परिवहन मंत्रालयानेच २०२५ मध्ये सरासरी खर्च साधारण ३,४०० युरो असल्याचं सांगितलं. युरोला शंभर रुपये धरले तरी साडेतीन लाखांच्या घरात जातं. आपल्याकडे लर्निंगपासून पक्क्या लायसन्सपर्यंत आरटीओची सरकारी फी दीड हजारांच्या आत बसते, आणि ड्रायव्हिंग स्कूलचे पैसे धरले तरी आकडा हजारांतच राहतो.

इतके पैसे जातात कुठे, ते सांगतो. इथे घरच्या गाडीवर बाबांनी किंवा मित्राने शिकवायची सोयच नाही. रस्त्यावरचा प्रत्येक तास फारशूलच्या, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, परवानाधारक शिक्षकासोबतच व्हायला हवा. नाव घालतानाच चार-पाचशे युरोंची मूळ फी असते. थिअरीचे ९० मिनिटांचे १४ वर्ग असतात. त्यानंतर १२ खास फेऱ्या सक्तीच्या: गावाबाहेरच्या रस्त्यावर ५, ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर ४ आणि अंधारात ३. यातली प्रत्येक फेरी ४५ मिनिटांची आणि ७० ते ९० युरोंची, म्हणजे एवढ्यातच नऊशेच्या आसपास गेले. याशिवाय साधे तास. ते किती लागतील हे शिक्षक ठरवतो. आधी कधीच गाडी न चालवलेल्या माणसाला वीस तास सहज लागतात, आणि एका तासाला साधारण ६५ युरो पडतात. त्यात प्रथमोपचाराचा दिवसभराचा कोर्स, डोळ्यांची तपासणी, फोटो, अर्जाची फी आणि अभ्यासाचं अॅप मिळवलं की आणखी दोनशे.

परीक्षेची फी दोन ठिकाणी भरावी लागते, आणि हे बहुतेकांना बिल हातात आल्यावरच कळतं. परीक्षा घेते ट्यूफ किंवा डेक्रा ही संस्था. तिची फी थिअरीला २५ आणि प्रॅक्टिकलला १३० युरोंच्या आसपास. पण तुम्हाला परीक्षेला घेऊन जाण्याचे पैसे फारशूल वेगळे लावते, आणि प्रॅक्टिकलसाठी ते दीडशे ते अडीचशे युरो असू शकतात. नापास झालात की दोन्ही पुन्हा भरायचे. निदान दोन आठवडे थांबायचं, तेवढ्यात हात सुटू नये म्हणून आणखी तास घ्यायचे. प्रॅक्टिकलची एक नापासी सहज पाचशे युरोंना पडते. थिअरीत दर दहा परीक्षांमागे चार नापास होतात, प्रॅक्टिकलमध्ये तीन, आणि यात इथेच जन्मलेली मुलं मोठ्या संख्येने असतात. तेव्हा पहिल्या खेपेला पास होऊच असं धरून बजेट आखू नका.

आता भारतीय लायसन्स घेऊन आलात तर काय होतं? पत्ता नोंदवून इथे राहायला लागल्यापासून सहा महिने ते चालतं. त्यानंतर चालत नाही, आणि तरीही गाडी चालवली तर तो विनापरवाना गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. दंड भरून सुटण्यासारखं ते प्रकरण नाही, विमाही अडचणीत येतो आणि पुढे व्हिसा वाढवताना अशा नोंदी बघितल्या जातात. ज्या देशांचं लायसन्स परीक्षेविना बदलून मिळतं त्यांच्या यादीत भारत नाही. म्हणून आपल्याला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्याव्याच लागतात. पण ते १४ वर्ग आणि १२ खास फेऱ्या आपल्याला सक्तीच्या नाहीत, आणि पैसे वाचतात ते इथेच. तुमची तयारी झाली असं शिक्षकाला वाटलं की तो परीक्षेला बसवतो. हात बसलेल्या माणसाला आठ-दहा तास पुरतात आणि सगळं मिळून हजार ते दीड हजार युरोंत काम होतं. म्हणजे माणशी जवळपास दोन हजार युरो वाचतात. तुम्ही दोघं आहात, हे लक्षात घ्या.

यात एक मोठी अट आहे. लायसन्स तुम्ही भारतात राहत असताना मिळालेलं हवं. इथे पत्ता नोंदवून झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत गावी जायचं, तिथे लायसन्स काढून आणायचं, हे चालत नाही. कार्डावर दिल्याची तारीख असते, तीच बघतात. लर्निंग लायसन्सलाही इथे काही किंमत नाही. आपल्याकडे लर्निंग मिळाल्यावर ३० दिवस थांबल्याशिवाय पक्क्याची परीक्षा देता येत नाही, त्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. म्हणून व्हिसा हातात पडण्याची वाट न बघता आजच सारथी पोर्टलवर अर्ज टाका.

आणि नुसतं कार्ड घेऊन येऊ नका, खरंच गाडी चालवून या. हे मी कळकळीने सांगतोय, कारण माझ्या ओळखीत असे बरेच जण आहेत ज्यांच्याकडे दहा वर्षांचं जुनं लायसन्स होतं आणि इथे तीस-तीस तास घ्यावे लागले. क्लच कधी सोडायचा हे शिकायला तासाला ६५ युरो मोजणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. ते पुण्यात, नाशकात, जिथे असाल तिथे शिका. बायकोला रोज सकाळी रहदारी कमी असताना तासभर गाडी चालवू द्या, घाटात न्या, पावसात न्या, हायवेला लेन धरून ऐंशीच्या वेगाने चालवायची सवय लावा. तुम्हीही लायसन्स मिळालं की तेच करा. इथे मग फक्त इथल्या सवयी शिकायच्या उरतील.

त्या सवयीही कमी नाहीत. नव्याने येणारे आपले लोक सगळ्यात जास्त अडकतात ते ‘रेश्ट्स फोर लिंक्स’ या नियमात. वस्तीतल्या ज्या चौकात कुठलीच पाटी नसते, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही तीसच्या वेगाने सरळ, रुंद रस्त्याने चाललेले असता, उजव्या हाताला उभ्या गाड्यांची रांग, तिच्यामागे उंच कुंपण, आणि त्या कुंपणाआडून एक अरुंद गल्ली येऊन मिळते. आपल्या नजरेला ती गल्लीच वाटते, चौक वाटत नाही. आपला रस्ता मोठा, म्हणून पाय अॅक्सिलरेटरवरच राहतो. परीक्षकाला दिसायला हवं ते हे: तुम्ही पाय उचलला, ब्रेकवर नेला, मान वळवून गल्लीत पाहिलं आणि मगच पुढे गेलात. गल्ली रिकामी असली तरीही. न बघता गेलात आणि शिक्षकाला ब्रेक दाबावा लागला, तर परीक्षा तिथेच संपते.

दुसरी सवय खांद्यावरून बघण्याची. लेन बदलताना, वळताना, कडेची गाडी काढताना आरसा बघून भागत नाही, मान वळवावीच लागते, कारण उजव्या बाजूने सायकलवाला आलेला असू शकतो. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर कायद्याने ठेवावं लागतं. आणि हॉर्न विसरा. धोका टाळायला वाजवायचा, ‘मी आलोय’ हे सांगायला वाजवायचा नाही.

भाषेची भीती बाळगू नका. थिअरी इंग्रजीत देता येते. ३० प्रश्न असतात आणि चुकांचे १० गुण माफ, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. मूळ संच हजाराहून जास्त प्रश्नांचा आहे. इंग्रजी भाषांतर मधूनमधून अवघड आहे, म्हणून अंदाजाने उत्तरं देऊ नका, अॅपवर संच पूर्ण करा. प्रॅक्टिकल मात्र जर्मनमध्येच होते. मागच्या सीटवरून परीक्षक सांगतो त्या सूचना ठरावीक असतात: पुढच्या संधीला उजवीकडे, डावीकडे वळा, कडेला थांबा, गाडी वळवून घ्या. शिक्षकाकडून पहिल्याच दिवशी त्यांची यादी मागून घ्या आणि पुढचे सगळे तास त्याच भाषेत करायला सांगा. इंग्रजी बोलणारा शिक्षक मोठ्या शहरात मिळतो, पण त्याचा दर बऱ्याचदा जास्त असतो. जुजबी जर्मन येत असेल तर शेजारच्या गावातली फारशूल स्वस्त पडते. दरपत्रक लावणं त्यांना बंधनकारक आहे, तेव्हा नाव घालण्याआधी तीन-चार ठिकाणचं बघा. तासाचा दर कमी असला तरी मूळ फी आणि परीक्षेला नेण्याची फी जास्त असू शकते, म्हणून बेरीज करूनच ठरवा.

ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा सोपी जाते, पण मॅन्युअलचे ठरावीक तास आणि फारशूलची छोटी चाचणी वेगळी केली नसेल तर कार्डावर ७८ हा आकडा येतो आणि फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. पहिली गाडी जुनी, मॅन्युअल घ्यायचा विचार असेल तर हे आधी बोलून घ्या. दुचाकीचा वर्ग वेगळा, त्याची परीक्षाही वेगळी.

लायसन्स स्वस्त करण्याचे प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या परिवहनमंत्र्यांनी मांडले आहेत. सक्तीच्या गोष्टी कमी करण्याचा विचार त्यात आहे. त्याच्या भरवशावर भारतातलं लायसन्स टाळू नका. नियम सैल झाले तरी शून्यापासून शिकणाऱ्याला तास घ्यावेच लागणार.

निघण्याआधीची कामं सांगतो. लायसन्स आणि पासपोर्ट यांवरचं नाव अगदी सारखं करून घ्या. बायकोचं लायसन्स माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असेल तर इथे प्रत्येक खिडकीवर विवाहनोंदणीचा दाखला आणि त्याचं भाषांतर काढत बसावं लागतं. आरटीओत ते आताच बदलून घ्या. तिच्या कार्डाची मुदत बघा. तिशीच्या आत मिळालेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं, तिशी ते पन्नाशीतलं दहा वर्षं. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण करूनच या. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत हजार रुपयांत वर्षभरासाठी मिळतो, पहिल्या सहा महिन्यांत तो कार्डासोबत ठेवा. आणि बदलून घेताना भारतीय कार्ड इथल्या कार्यालयात जमा करावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या प्रती काढून ठेवा.

पत्ता नोंदवून घर लागलं की पहिल्या महिन्यातच लायसन्स बदलून घेण्याचा अर्ज टाका. कार्यालयातून मंजुरी यायला कित्येक आठवडे जातात आणि ती आल्याशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. थिअरीचा अभ्यास तोवर उरकता येतो. सहा महिने उलटून गेले तरी बदलून घेण्याचा मार्ग बंद होत नाही, फक्त मधल्या काळात गाडी चालवायची नाही. स्टुटगार्टमध्ये त्याने अडत नाही. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंत देशभरातल्या बस, ट्राम आणि लोकल-प्रादेशिक गाड्या चालतात, त्या पासावर पहिलं वर्ष आरामात निघतं. गाडी त्यानंतर घ्या. लायसन्स किती वर्षं जुनं आहे हे विमा कंपनी विचारते तेव्हा भारतातली तारीख ती धरते का, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.