कंसातले वाक्य

प्रिय ताई,
मी ५३ वर्षांची आहे. पंचवीस वर्षे कविता लिहिल्या, दोन संग्रह निघाले. गेली तीन वर्षे मात्र एकही कविता झालेली नाही. मी स्वस्थ बसलेली नाही. रोज सकाळी तासभर डोळे मिटून संगीत ऐकते. संध्याकाळी नेमाने सामूहिक प्रार्थनेला जाते आणि शेवटी मनातल्या मनात ‘एक तरी ओळ मिळू दे’ असे मागते. ऋतूंची एक वही ठेवली आहे. पहिले पान कधी गळाले, वारा कोणत्या दिशेला फिरला, कोणता पक्षी कधी दिसला, हे सगळे तारखेसह लिहिते. (प्रार्थनेत हल्ली मी फक्त ओठ हलवते, कारण आवाज पूर्वीसारखा लागत नाही आणि एकदा वरच्या सुरात तो फाटला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून पाहिले होते, पण तो मुद्दा वेगळा.) पूर्वी ओळ आधी ओठांवर यायची, मी ती घोळवून घोळवून म्हणून पाहायचे आणि मगच ती कागदावर उतरायची. आता कागद समोर असतो आणि आत काहीच हलत नाही. मी कोणते संगीत ऐकावे? माझी श्रद्धा कमी पडते आहे का? की जिथे ऋतू ठळकपणे बदलतात अशा ठिकाणी काही महिने जाऊन राहावे?
– ओळीची वाट पाहणारी

प्रिय मैत्रिणीस,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. पहिल्या वाचनात कंस ओलांडून पुढे गेले, कारण वाचणाऱ्याने तसेच करावे अशी व्यवस्था तुम्ही करून ठेवली होती. दुसऱ्या वाचनात तिथे अडखळले. तिसऱ्या वाचनानंतर पत्राचा बाकीचा सगळा भाग मला त्या कंसाभोवती घातलेल्या कुंपणासारखा दिसू लागला. संगीत, श्रद्धा आणि ऋतू या तीन मोठ्या शब्दांविषयी तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांची उत्तरे ओघात येतील. मला बोलायचे आहे ते त्या हलणाऱ्या ओठांविषयी.

तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहा. पूर्वी ओळ आधी ओठांवर यायची आणि म्हणून पाहिल्याशिवाय ती कागदावर उतरत नसे, असे तुम्ही सांगता. हल्ली ओठ हलतात पण आवाज निघत नाही, असेही तुम्हीच सांगता. ज्या दाराने कविता येत होती ते दार तुम्ही आपल्या हाताने लावून घेतले, आणि सकाळचा एक तास, संध्याकाळची एक प्रार्थना आणि एक जाडजूड वही असे तीन पहारेकरी भलत्याच दारांशी उभे करून ती अजून कशी आली नाही, असे मला विचारता आहात. ओठ हलवणे नेमके केव्हा सुरू झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यालाही तीनच वर्षे झाली असतील, अशी पैज लावायला मी तयार आहे.

ज्या भाषेत तुम्ही लिहिता, तिच्यात तरी गळा आणि कविता यांची फारकत कधी झालेली नव्हती. मोठ्या अभंगाची रचना तुम्हाला ठाऊकच असेल: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार. हे माप कागदावर बोटे मोजून पाळता येते, परंतु ते मोठ्याने म्हणून पाहिले की चौथा चरण आखूड का आहे, हे छातीला आपोआप कळते. तिथे श्वास घ्यायला जागा राहते. कवितेचे हे शहाणपण डोळ्यांना दिसत नाही. तीन वर्षे मुक्याने वावरणाऱ्या कवयित्रीला शब्द सुचत नाहीत याचे मला नवल वाटत नाही. या काळात तिने इतके संगीत ऐकले आणि त्यातला एकही सूर स्वतः लावून पाहिला नाही, याचे मात्र वाटते.

आता आवाजाविषयी. आधी एक कामाची गोष्ट सांगून टाकते: घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला असेल तर तो कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा लागतो, आणि तुम्ही तीन वर्षे लावली आहेत, तेव्हा या आठवड्यात जाऊन या. बहुधा तिथे तुम्हाला जे सांगतील ते तुमच्या वयाच्या असंख्य स्त्रियांना लागू पडणारे असेल. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते, स्वरतंतू काहीसे जाड होतात आणि आवाज खाली उतरतो. पुरुषांच्या बाबतीत वाढत्या वयात उलट घडते, स्वरतंतू पातळ होतात आणि आवाज थोडा वर चढतो. श्वासाचा पल्लाही दोघांचाच कमी होतो. म्हणजे तुमचा वरचा सूर फाटला त्यात ना रियाजाचा दोष होता, ना भक्तीचा. तुमच्या गळ्यात ऋतू बदलला होता. बाहेरच्या झाडाचे पहिले पान कोणत्या तारखेला गळाले ते तुम्ही वहीत टिपून ठेवले आणि स्वतःच्या गळ्यातल्या पानगळीला कंसात कोंबून ‘तो मुद्दा वेगळा’ म्हणालात. इथे मला तुमचा खरोखर राग आला.

राग आला, कारण हा मूर्खपणा मीही केलेला आहे. काही वर्षांपूर्वी माझा पुढचा एक दात पडला आणि ‘स’ म्हणताना शिट्टी वाजू लागली. कोणी हसले नव्हते, तरी मी चार महिने चारचौघांत वाचून दाखवणे बंद केले आणि त्या चार महिन्यांत मी लिहिलेली वाक्ये आज वाचवत नाहीत, इतकी ती लाकडी झाली आहेत.

तुम्ही रोज एक तास संगीत ऐकता, तर त्यातली एक साधी गोष्ट तुमच्या ध्यानात यायला हवी होती. हिंदुस्थानी संगीतात षड्ज, म्हणजे पहिला सूर ‘सा’, कोणत्याही एका ठरावीक उंचीला बांधलेला नाही. तो कुठे लावायचा हे गाणाऱ्याचा गळा ठरवतो, तंबोरा त्यानुसार जुळवला जातो आणि उरलेले सूर त्या षड्जाशी नाते धरून आपापल्या जागी बसतात. गळा उतरला तर पट्टी उतरवायची असते, गाणे थांबवायचे नसते. तुम्ही मात्र तिशीतल्या पट्टीला शपथेसारखे धरून बसलात आणि ती पेलवेना तेव्हा अख्खे गाणेच सोडून दिलेत.

या संदर्भात मला ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची आठवण होते. तुमचे तिन्ही मोठे शब्द त्याच्या एका आयुष्यात नांदत होते. तो निस्सीम श्रद्धाळू कॅथलिक होता. १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ, पॅरिसमधील एकाच चर्चमध्ये तो ऑर्गनवादक होता. आणि कागद-पेन्सिल घेऊन तो रानात जाई व पक्ष्यांचे गाणे ऐकून जागच्या जागी त्याची स्वरलिपी लिहून काढी. इथवर त्याची वही तुमच्या वहीसारखीच आहे. फरक पुढे आहे. पक्षी माणसाच्या वाद्यांना झेपणार नाही इतक्या वेगाने आणि इतक्या उंच पट्टीत गातात, त्यांच्या स्वरांमधली अंतरेही अतिशय सूक्ष्म असतात. म्हणून मेसियाँ ते गाणे एक, दोन, प्रसंगी तीन-चार सप्तके खाली आणी, त्याची लय संथ करी आणि स्वरांमधली अंतरे वाद्यांना पेलतील इतकी रुंद करी. पक्ष्यासारखे गाता येत नाही म्हणून तो गप्प राहिला नाही; माणसाला जमेल तितके खाली आणून त्याने ते वाजवले. तुम्हाला तर चार सप्तके उतरायचीही गरज नाही, दोन-तीन सूर पुरतील.

तुमच्या वहीविषयी आणखी थोडे बोलायला हवे. पान गळाले, वारा फिरला, पक्षी दिसला: या नोंदींमध्ये तुम्ही कुठे आहात? तुम्हाला थंडी वाजली का, घामाने जीव नकोसा झाला का, सांधे दुखले का? अंतोनिओ विवाल्डी या इटालियन संगीतकाराने चार ऋतूंवर लिहिलेले व्हायोलिनचे चार कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, १७२५ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत आहे आणि त्याच्या ओळी स्वरलिपीत जागोजागी सुरांशेजारी दिलेल्या आहेत. त्यातला हिवाळा काचेआडून पाहिलेला देखावा नाही. तिथे दात वाजतात, ऊब यावी म्हणून पाय आपटले जातात, बर्फावर जपून पाऊल टाकणारा माणूस घसरून पडतो आणि उठून पुन्हा चालू लागतो. उन्हाळ्यात उष्म्याने माणूस आणि कळप दोन्ही मलूल झालेले असतात आणि माश्यांमुळे दमलेल्या अंगाला विसावा मिळत नाही. ऋतू अंगावर येतो, दाताहाडांत शिरतो, तेव्हा त्याचे संगीत होते. आणि हेही ऐका, की विवाल्डी १७०३ मध्ये धर्मगुरू झाला होता, परंतु छातीच्या दुखण्यामुळे थोड्याच वर्षांत त्याला मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, म्हणणे सोडून द्यावे लागले. तुम्ही चटकन म्हणाल की बघा, त्यानेही सोडले. हो, वेदी त्याने सोडली. व्हायोलिन खाली ठेवून नुसता गज हवेत फिरवत तो उभा राहिला नाही.

‘माझी श्रद्धा कमी पडते का’ हा प्रश्न तुम्ही मला विचारायला नको होता, कारण कोणाचीही श्रद्धा मोजण्याचे माप माझ्यापाशी नाही. मला दिसते ते इतकेच की, तुम्ही ज्याच्यापुढे उभ्या राहता त्याच्याकडे रोज एक ओळ मागता आणि त्याच वेळी त्याला खोटे ओठ हलवून दाखवता, तेही पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या धाकाने. त्या बाईंनी मागे का वळून पाहिले, त्या वाईट आहेत की भल्या, त्यांना कोणी हाक मारली होती की पंख्याचा आवाज आला होता, याच्याशी मला काहीही कर्तव्य नाही आणि त्यांची बाजू समजून घ्यायला मी एक क्षणही घालवणार नाही. त्यांनी एकदा मान वळवली. पुढची तीन वर्षे तुम्ही स्वतः मोजून दिलीत. तुकोबांनी एका अभंगात विठ्ठलाला सांगून टाकले आहे की, मला गाण्यातली कलाकुसर येत नाही, माझे बोल बोबडे आहेत, लोक मला हसतील, तरीही मी निःशंकपणे गाणार आहे. निःशंक हा त्यातला शब्द तुम्ही नीट पाहावा. आवाज चांगला लागेल याची खात्री तो मागत नाही.

राहिला दूर कुठेतरी जाऊन राहण्याचा बेत. ज्या कलामुळे ऋतू होतात तो पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल जगात सगळ्यांसाठी एकच आहे. कुठे तो बर्फ होऊन दिसतो, कुठे पाऊस होऊन, कुठे फक्त सावलीच्या लांबीत. जायचे तर हौस म्हणून खुशाल जा, पण ओळ शोधायला जाऊ नका.

तर आता काय करायचे ते सांगते, आणि मी तुम्हाला पर्याय देणार नाही, कारण पर्याय दिले तर तुम्ही त्यांचीही एक वही कराल. डॉक्टरांनी आवाज वापरायला हरकत नाही असे सांगितले की त्यानंतरच्या पहिल्याच प्रार्थनेला जाल तेव्हा तोंडातून आवाज काढा. पेटीवर बसणाऱ्यांना आधी जाऊन सांगा की, पट्टी दोन सूर खाली घेता आली तर बरे होईल. असे सांगणाऱ्या तुम्ही तिथे एकट्या निघणार नाही, हे मी खात्रीने सांगते. त्यांनी ऐकले नाही तर सगळ्यांच्या खालच्या सप्तकात गा. आवाज फाटेल तिथे फाटू द्या, मध्येच थांबून खोकल्याचे सोंग करू नका आणि डोळे मिटून घेऊ नका. महिनाभर सकाळचे ऐकणे बंद ठेवा. त्या तासात स्वतःच्या जुन्या दोन संग्रहांतल्या कविता आजच्या, उतरलेल्या, खरखरीत आवाजात मोठ्याने म्हणा. काही ओळी या आवाजात अजिबात बसणार नाहीत. त्या जिथे बसणार नाहीत तिथे थांबा आणि तिथे आता कोणता शब्द बसतो, ते ओठांनी शोधा, हाताने नव्हे.

महिन्याने मला पुन्हा लिहा. कविता पाठवू नका, मी ती वाचणार नाही. तुम्ही गायलात तेव्हा त्या बाईंनी वळून पाहिले का, आणि पाहिले असेल तर तुम्ही कोणत्या शब्दावर होतात, एवढे मात्र नक्की कळवा. आणि ते कंसात लिहू नका.