वाचकांचे प्रश्न : लघुलहरींसाठी पहिला ट्रान्सीव्हर

प्रश्न : हौशी रेडिओचा परवाना नुकताच मिळाला आहे. पुण्यात सोसायटीत राहतो. गच्चीवर तार बांधण्यास परवानगी आहे. ट्रान्सीव्हर (प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारा संच) शंभर वॅटचा घ्यावा की दहा वॅटचा?

उत्तर : दहावरून शंभर वॅटवर गेल्याने 10 डेसिबलची वाढ होते, म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर) दोन अंकांहूनही कमी फरक पडतो, आणि तुम्हाला ऐकू येण्यात तर काहीच फरक पडत नाही. त्यामुळे आधी 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तारेचा डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) आणि चांगली केबल यांचे पैसे बाजूला काढावेत. मोर्स किंवा एफटी-8 (संगणकाद्वारे छोटे संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत) करणार असाल, तर हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आरेखित केलेल्या यूबिटेक्ससारखा दहा वॅटचा संच पुरेसा आहे. बोलूनच संपर्क साधायचा असेल, तर मात्र गोंगाटात शंभर वॅटचा आधार वाटतो. परवान्याच्या श्रेणीची शक्तिमर्यादा तेवढी पाहून घ्यावी.

शंभर वॅटच्या संचांपैकी आयकॉम आयसी-7300 मध्ये अँटेना ट्यूनर (अँटेना संचाशी जुळवून देणारी सोय) आतच आहे, शिवाय पडद्यावर सगळा बँड (वारंवारतांचा पट्टा) दिसत असल्याने शेजारच्या एलईडी दिव्याचा उपद्रव नेमका कुठे आहे हे चटकन कळते. शहरात ही सोय मला ट्यूनरपेक्षाही मोलाची वाटते. येसू एफटी-891 आटोपशीर आहे, पण त्यात ट्यूनर नाही. दोहोंना 13.8 व्होल्टचा, 20 अँपिअरहून अधिक प्रवाह देणारा वीजपुरवठा लागतो, आणि हा खर्च अनेकांच्या हिशेबातून सुटतो.

जुना संच घेताना अँटेनाऐवजी डमी लोड (संचाची शक्ती शोषून घेणारा रोधक) जोडून प्रत्येक बँडवर वॅटमीटर पाहावा. एखाद्याच बँडवर काटा खाली राहिला, तर त्या बँडच्या फिल्टर-रिलेवर (बँडचा फिल्टर जोडणाऱ्या विद्युत स्विचवर) संशय घ्यावा आणि किंमत त्या हिशेबानेच ठरवावी.