बॅटरी न लागणारी गिटार आणि शिट्टी मारणारा मॉनिटर

प्रश्न : भावगीत-गझलांच्या छोट्या बैठकांना मी साथीला गिटार वाजवतो. श्रोते 80-100, जागा कधी गच्ची, कधी मंगल कार्यालय. साउंडवाला मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून लावायचा स्पीकर) एकच आणतो, तोही गायकापुढे लावतो. मला माझीच गिटार ऐकू येत नाही आणि ‘वाढवा’ म्हटलं की शिट्टी सुरू. आता स्वतःचा छोटा मॉनिटर घेतोय. बजेट 25 हजार. 150 वॉटचा घेऊ की 500 चा? गिटारला पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) आहे, त्याला बॅटरी लागत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता शेवटी टाकलंय. बॅटरी लागत नाही, म्हणजे बहुधा सॅडलखाली (तारा खाली जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) नुसती पायझो पट्टी, म्हणजे दाबातून सिग्नल देणारा पिकअप आहे, तो सिग्नल पुढे जायच्या आधी सावरणारा प्रीॲम्प नाही. ही पट्टी मोठी नाजूक प्रकृतीची. तिला पुढे 10 लाख ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) इनपुट तरी हवंच, 1 कोटीचं मिळालं तर ती खरी खुलते. मिक्सरचं साधं लाइन इनपुट असतं 10-20 हजार ओहमचं. तिथे जॅक खुपसला की खर्ज गळून जातो आणि गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. मग आपण काय करतो? बेसचं बटण पिळतो. बेस वाढला की गिटारचं पोट घुमायला लागतं, आणि तुम्ही ज्याला शिट्टी म्हणताय तिचा निम्मा भाग ही घूंघूं असावी.

घरी ताडून बघा. आवाज घुमायला लागला की तारा तशाच सोडून गिटारच्या वरच्या फळीवर तळवा ठेवा. घुमणं थांबलं, तर दोष पोटाचा. माझ्या गिटारला ए तारेच्या आसपास, म्हणजे 110 हर्ट्‌झला, हे दुखणं होतं. एका मंगल कार्यालयात अख्खा अंतरा मी डाव्या कोपराने फळी दाबायच्या प्रयत्नात वाजवला. लोकांना वाटलं, मी तल्लीन झालोय. दुसऱ्या दिवशी साउंडहोलला बसणारं रबरी झाकण आणलं, काही शे रुपयांचं. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

आता वॉट. पूर्वी मीही 1000 वॉट हा आकडा बघून 12 इंची धूड आणलं होतं. आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा होता हे नंतर कळलं, आणि स्कूटरवर ते मागे धरून बसायला तयार होईल असा मित्र मिळेना. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. उलट स्पीकर निम्म्या अंतरावर आणला की उघड्यावर 6 डेसिबल फुकट मिळतात. 2 मीटरवर जमिनीवर पडलेला मॉनिटर तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर आणा, 12 डेसिबल वाढले. वॉटनं तेवढं साधायचं तर 16 पट लागतील. तेव्हा 150 चाच घ्या, पण माईक स्टँडवर चढणारा घ्या. मॅकीचा एसआरएम150 किंवा बेहरिंगरचा बी205डी याच घडणीचे : सव्वापाच इंची एकच स्पीकर, ॲम्प आतच. एवढासा स्पीकर खालची ई तार, 82 हर्ट्‌झ, पूर्ण ताकदीनं देत नाही. न देऊ दे. वरच्या स्वरांशांवरून कान तार ओळखतो, आणि खर्ज कमी म्हणजे घुमणंही कमी.

बसून वाजवत असाल तर स्पीकर खांद्याच्या उंचीवर, थोडा बाजूला, तोंड कानाकडे. साउंडहोलकडे रोखू नका. गायकाचा माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) असेल, बहुतेक असतोच, तर त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं पाठीमागून. स्पीकर शक्यतो माईकच्या पाठीकडे येऊ द्या.

आता परत त्या पायझो पट्टीकडे. तिच्यासाठी म्हणून 25 हजार सगळे स्पीकरवर घालवू नका. त्यातच ॲकॉस्टिक गिटारसाठीचा वेगळा प्रीॲम्पही घ्या. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय हा त्यातला नावाजलेला, इनपुट 1 कोटी ओहमचं, पण तो बजेटचा मोठा लचका तोडेल. स्वस्तातला बघताना तीन गोष्टी बघा : जास्त ओहमचं इनपुट, फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण आणि दोन आउटपुट. एक्सएलआर (माईकच्या वायरसारखा तीन पिनांचा) साउंडवाल्याला द्यायचा, जॅक आपल्या मॉनिटरला. साध्या डीआय बॉक्सच्या (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीच्या) ‘थ्रू’मधून मॉनिटर जोडायचा मोह होईल. ते भोक पिकअपला समांतर असतं, मॉनिटरचं इनपुट परत पट्टीच्या मानेवर बसतं आणि पत्र्याचा डबा परत येतो. घुमायला लागलं की आधी फेजचं बटण दाबून बघायचं, कधी कधी तेवढ्यानंच भागतं.

दुकानात स्वतःचीच गिटार न्या. तिथल्या गिटारवर सगळे स्पीकर गोड वाजतात. अर्ध्या मीटरवर बसा, कार्यक्रमातला आवाज ठेवा आणि बोटांनी हळू छेडा. सगळ्यात बारीक दोन तारांवर कचकच होते का? मग हात काढून गप्प बसा. ‘स्स्’ ऐकू आलं तर तो स्पीकर दुकानातच राहू द्या, गझलेच्या दोन शेरांमधल्या शांततेत ते तुम्हाला छळेल.

प्रश्न : अमेरिकेतला पुतण्या दिवाळीत येताना छोटा मॉनिटर आणतो म्हणतोय. चालेल? — एक वाचक, मडगाव

उत्तर : त्याला आधी मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. 100-240 व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिनेची वायर बदला. 120/230 असा खटका असेल तर प्लग लावायच्या आधी 230 वर सरकवा. नुसतं 120 असेल, तर पुतण्याला म्हणावं, चॉकलेटं आण.