शिंदळ माकुडीचं नाव का बदललं?

प्रश्न : मी जुन्नरजवळच्या शाळेत शिकवते. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी दाखवताना मुलांना ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव सांगायचे. आता एका पुस्तिकेत ‘बाउसेरोशिया फ्रेरेई’ असं छापलंय. शास्त्रीय नाव जगभर एकच आणि कायमचं असतं ना? शिवाय एका मुलीनं विचारलंय, नवी वनस्पती सापडली तर तिला आईचं नाव देता येईल का?

उत्तर : बाई, जगभर एकच हे बरोबर, कायमचं मात्र नाही. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं, तसा शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत ‘जीनस’), म्हणजे नात्याचा. नातं चुकीचं जुळवलंय असं कळलं, की तो शब्द बदलावाच लागतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात या वनस्पतीचं नाव प्रसिद्ध केलं. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सन्मानार्थ ‘फ्रेरिया’ अशी नवी प्रजातीच केली. कारणही तसंच होतं. हिच्या नात्यातली माकडशिंग आणि तिची भावंडं बिनपानांची, नुसते मांसल दांडे. शिंदळ माकुडीला मात्र पावसाळ्यात चांगली जाड, रसरशीत पानं येतात. उन्हाळ्यात ती गळली, की उरलेला दांडा बघून नातं लगेच ओळखू येतं. फुलंही तेच सांगतात. पुढे डीएनएच्या अभ्यासातही ती या बिनपानांच्या गोतावळ्यातलीच निघाली.

मधल्या काळात, १९५८ मध्ये, ती ‘कॅरालुमा’ प्रजातीत नेली गेली. तिथे ‘इंडिका’ नावाची दुसरी वनस्पती आधीपासून होती. एकाच प्रजातीत दोघींना तेच नाव चालत नाही, म्हणून हिला ‘फ्रेरेई’ हे नवं नाव मिळालं. तेच पुढे ‘बाउसेरोशिया’त आलं. फ्रिअर यांचं नाव असं पहिल्या शब्दातून दुसऱ्या शब्दात गेलं. मला हे फार आवडतं. नावात त्या झाडाच्या अभ्यासाचा सगळा प्रवास राहिलाय.

या सगळ्यात न बदलणारी गोष्ट म्हणजे नमुना. नाव बांधलेलं असतं ते एका वाळवलेल्या नमुन्याला. विद्यार्थी असताना पुण्याच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, मी असा एक कागद पहिल्यांदा हातात घेतला. तपकिरी पडलेली डहाळी दोऱ्यानं टाचलेली, खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी : कुणी, कुठे, कधी गोळा केली. त्याच कागदावर निरनिराळ्या हस्ताक्षरांतल्या तीन चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर वेगळं नाव. डहाळी तीच. तेव्हा मला हा विषय खरा कळला.

आता त्या मुलीचं. हो, देता येतं. स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, आईचं चालतं. पण आधी खात्री करावी लागते, की त्या वनस्पतीला कुणी नाव दिलेलं नाही. कारण वनस्पतींच्या बाबतीत १७५३ पासूनची नावं धरतात आणि आधीचं नाव जिंकतं. मग नमुना हर्बेरियममध्ये ठेवायचा, वेगळेपण नेमकं लिहायचं, ते रीतसर प्रसिद्ध व्हायला हवं. वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच लागायचं, आता इंग्रजीही चालतं. नावाचा शेवट मात्र अजून लॅटिन वळणाचा : पुरुषाच्या नावापुढे ‘इ’, बाईच्या नावापुढे ‘ए’. आई सीता असेल तर ‘सीताए’. मुलीला तिच्या आईचं नाव असं वहीत लिहून बघायला सांगा.