कमी बजेटमध्ये प्रवास, पक्षी आणि घरगुती समारंभ अशा सगळ्यासाठी कोणता ब्रिज कॅमेरा (मोठ्या झूमची, न निघणारी लेन्स असलेला) घ्यावा?

झूमच्या आकड्याला भुलू नका, एवढं आधी सांगतो. निकॉन पी९०० चा ८३ पट झूम ऐकायला भारी वाटतो, पण पूर्ण झूमवर अॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचं छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) एफ/६.५ वर येतं, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) बोटाच्या नखाहून लहान आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) मिळतच नाही. भर उन्हात ठीक आहे. संध्याकाळी झाडावरचा पक्षी टिपायला जाल, तर पिसांच्या जागी रंगाचे डाग दिसतील.

तुमच्या यादीत घरातले समारंभही आहेत, म्हणून माझं मत पॅनासॉनिक एफझेड१००० ला. २०१४ चं मॉडेल आहे, त्यामुळे सेकंडहँडच बघा. सेन्सर १ इंची, म्हणजे नेहमीच्या १/२.३ इंचीच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा. लेन्स २५ ते ४०० मिमी (आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), एफ/२.८-४. लांबच्या लहान पक्ष्यांना ४०० मिमी थोडं अपुरं पडतं, तेव्हा फोटो क्रॉप करावा लागेल. चालवून घ्या.

तेवढेही पैसे नसतील तर पॅनासॉनिकचाच एफझेड२००. सेन्सर लहानच, पण २५ ते ६०० मिमी पूर्ण झूमभर एफ/२.८ कायम राहतं, ही मोठी गोष्ट.

जुना घेताना एक करा: अॅपर्चर एफ/८ वर नेऊन पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, एकदा वाइडला, एकदा पूर्ण झूमवर. दोन्हीत एकाच जागी काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्याने ती साफ करायला कॅमेरा उघडावा लागतो. असा सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.