मायएसक्यूएल: एकाच कॉलममधला 'कोथरूड,पुणे,४११०३८' असा पत्ता तीन कॉलममध्ये कसा फोडायचा?

सबस्ट्रिंग_इंडेक्स (दिलेल्या चिन्हाच्या तितक्याव्या जागेपर्यंतचा मजकूर देणारं फंक्शन) वापरा, दुसरं काही लागत नाही. कॉलमचं नाव पत्ता आहे असं धरतो.

भाग: सबस्ट्रिंग_इंडेक्स(पत्ता, ',', १)
पिनकोड: सबस्ट्रिंग_इंडेक्स(पत्ता, ',', -१)
शहर: सबस्ट्रिंग_इंडेक्स(सबस्ट्रिंग_इंडेक्स(पत्ता, ',', २), ',', -१)

आकडा उणे दिला की मोजणी उजवीकडून होते. शहराच्या ओळीत आतलं फंक्शन 'कोथरूड,पुणे' एवढं देतं आणि बाहेरचं त्यातला शेवटचा तुकडा उचलतं. स्वल्पविरामानंतर स्पेस असेल तर वरून ट्रिम (कडेच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावा.

खरी गोची पुढे आहे. एखाद्या रेकॉर्डमध्ये नुसतंच 'कोथरूड' असेल तर एरर येत नाही, तिन्ही कॉलममध्ये गुपचूप 'कोथरूड' भरलं जातं! म्हणून आधी वेअरमध्ये (रेकॉर्ड निवडायच्या अटीत) स्वल्पविराम मोजून घ्या; चार_लेंथ म्हणजे CHAR_LENGTH, ते अक्षरं मोजतं, आणि रिप्लेस इथे स्वल्पविराम काढून टाकतं:

चार_लेंथ(पत्ता) - चार_लेंथ(रिप्लेस(पत्ता, ',', '')) = २

यात न बसणारे रेकॉर्ड वेगळे काढून हाताने बघा. 'फ्लॅट ४, कोथरूड, पुणे, ४११०३८' असले नमुने तिथेच सापडतात.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर स्प्लिट_पार्ट(पत्ता, ',', २) एवढ्यावर भागतं, आणि तुकडा नसेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते. एसक्यूएल सर्व्हरचं स्ट्रिंग_स्प्लिट मात्र कॉलम नाही, रो देतं.